सेलवरच्या टेपमधला ऑर्केस्ट्रा

सांगलीत कुणालाही विचारा, मराठी नाटकाचं वर्ष तोंडपाठ असतं: १८४३. विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर गावात आहे, त्यांच्या नावाचं पदक दरवर्षी दिलं जातं. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथंच त्यांचं दफन झालं, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं जपलं गेलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण याच दोन गावांत १९७० नंतरची वीस-पंचवीस वर्षं गणपतीच्या मांडवात, जत्रेत, साखर कारखान्याच्या पटांगणात जे ऑर्केस्ट्रे वाजले, त्यांच्याबद्दल दोन ओळी सापडायची मारामार आहे. कोण वाजवत होतं, काय वाजवत होतं, कसं वाजवत होतं? ज्यांनी वाजवलं त्यांच्या घरातही आता नीट सांगता येत नाही.

माझे बाबा अशाच एका ऑर्केस्ट्रात बाँगो-काँगो वाजवायचे. दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात तालीम. त्यांच्या ग्रुपमध्ये एस.टी.चा कंडक्टर होता, वेल्डिंगच्या दुकानातला एक मुलगा होता, मिरजेच्या ब्रास बँडमधले ट्रम्पेटवाले चाचा होते. दिवसा लग्नाच्या वरातीत वाजवून चाचा रात्री तीच ट्रम्पेट घेऊन स्टेजवर यायचे. सतार हवी असली की मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून एक पोरगा यायचा. टेलिफोनच्या रिसीव्हरमधली कॅप्सूल त्यानं सतारीच्या तबलीला चिकटवली होती आणि तिची वायर थेट अँप्लिफायरला जायची. लोकांची नावं मी या लेखात कुठंच लिहिलेली नाहीत. काहींच्या घरून अजून होकार यायचाय, काहींची घरंच सापडलेली नाहीत. म्हणून ज्याच्या त्याच्या वाद्यानंच त्याला ओळखते.

यातल्या कुणाचीही रेकॉर्ड निघाली नाही. रेकॉर्ड म्हणजे मुंबई, स्टुडिओ, कंपनीचं बोलावणं. सांगलीतल्या दहा जणांना मुंबईला नेऊन गायला-वाजवायला लावायला कुठली कंपनी येणार? मग घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि पहिल्यांदाच या लोकांना स्वतःचा आवाज स्वतःच पकडून ठेवता आला. बाबांचा टेपरेकॉर्डर सेलवर चालणारा, एकाच स्पीकरचा, हँडल असलेला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते तो स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवायचे, लाल बटण दाबायचे आणि मग काँगोमागं जाऊन बसायचे. कॅसेट उलटायची जबाबदारी पुढं बसलेल्या एखाद्या मुलाची. काही वर्षं ती माझीही होती.

त्या कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि ट्रंक गावभागातल्या आमच्या जुन्या घरात, खालच्या खोलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी सामान त्या वेळच्या खुणेच्या वर चढवलं होतं. पाणी त्या खुणेच्याही वर आलं. बाबा तोवर गेले होते. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत चिखलाचं पाणी तसंच साचलेलं होतं आणि त्यात चाळीसेक कॅसेटी.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे चुंबकीय फितीबद्दल थोडी माहिती होती. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. रुंदी ३.८१ मिलिमीटर. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये ही पट्टी सुमारे १३० मीटर लांब असते आणि जाडीला साधारण १२ मायक्रॉन. एवढ्या नाजूक वस्तूचं पाण्यानं लगेच फार बिघडत नाही. आवाज लोहाच्या कणांच्या चुंबकत्वात असतो, तो पाण्यानं पुसला जात नाही. खरा शत्रू चिखल. तो वाळला की त्याची बारीक वाळू होते आणि फीत फिरली की ऑक्साइड खरवडून काढते. दुसरा शत्रू बुरशी. म्हणून ओल्या कॅसेटी घाईनं उन्हात वाळवायच्या नाहीत, हेअर ड्रायर तर अजिबात लावायचा नाही. आधी धुवायच्या, मग वाळवायच्या.

त्या दिवसांत नळाला येईल ते पाणी गढूळच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर विश्रामबागेकडच्या दुकानातून कॅनच्या कॅन आणलं. कॅसेटी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्या, म्हणजे धुण्याची पाळी येईपर्यंत चिखल वाळायला नको. एकेक कॅसेट काढायची आणि उघडायची. कोपऱ्यांना आणि मधे मिळून पाच बारीक स्क्रू असलेली कॅसेट सरळ उघडते. दोन्ही अर्धुकं कारखान्यातच चिकटवलेली असतात ती शिवणीवर पातीनं हळूहळू फोडावी लागते. आतला पांढरा फेल्टचा तुकडा, बाजूचे गुळगुळीत कागद, छोट्या चाकांच्या पिना, सगळं चिखलानं भरलेलं. ते टाकून द्यायचं. फितीची गुंडाळी दोन्ही चकत्यांसकट उचलून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच बुचकळायची, पाणी नितळ येईपर्यंत. मग सावलीत, पंख्यापासून लांब, गाळणकापडावर. हे सगळं हातमोजे आणि मास्क लावून, कारण पुराच्या पाण्यात काय काय असतं ते सांगलीकरांना सांगायला नको.

आईला हे बघवत नव्हतं. “घरात गाद्या सडल्यात, आणि तू कॅसेटी धुत बसलीस,” म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तीच जुनी पातळं फाडून मऊ चिंध्या करून घेऊन आली.

गुंडाळी पूर्ण वाळल्यावर नवं घर. कोऱ्या कॅसेटी आता सहज मिळत नाहीत. स्टेशन रोडच्या जुन्या दुकानांत, भंगारवाल्यांकडं, ओळखीच्या कीर्तनकारांच्या घरी शोधून स्क्रूवाल्या कॅसेटी जमवल्या. त्यांचं फेल्ट, चाकं, कागद चांगले होते. त्यातली फीत काढून आमची फीत त्यात बसवायची. टोकाला जोडायची पारदर्शक पट्टी तुटलेली असली तर फितीसाठीच बनवलेल्या चिकटपट्टीनं जोडायची. साधी सेलोटेप चालत नाही, तिचा गोंद उष्णतेनं पाघळून पुढच्या वेटोळ्याला लागतो. मग कोरड्या मऊ कापडाच्या दोन घड्यांतून फीत अगदी हळू, हातानं, एका चकतीवरून दुसरीवर. त्या कापडावर तपकिरी रेघ उमटली की पोटात गोळा यायचा. बहुतेक वेळा ती चिखलाचीच असायची.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांच्या कित्येक कॅसेटी मुळात विकत घेतलेल्या भजनाच्या, कीर्तनाच्या. त्यांच्या वरच्या कडेची खाच मोडलेली असते, म्हणजे चुकून कुणी त्यावर रेकॉर्ड करू नये. बाबांनी त्या खाचेवर कागदाची घडी दाबून वर चिकटपट्टी लावली होती. कोऱ्या कॅसेटला पैसे पडतात म्हणून. त्यामुळे कित्येक बाजूंच्या शेवटी ऑर्केस्ट्रा संपतो, खट् असा आवाज येतो आणि टाळ-मृदंग सुरू होतो. ती शेवटची दोन-तीन मिनिटंही मी तशीच ठेवली आहेत.

आता वाजवायचं कशावर? एका ओळखीच्या साउंडवाल्यांकडं दोन मोटरचा, तीन हेडचा जुना डेक पडून होता. त्याचे पट्टे बदलले, रबरी चाक आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले. प्रत्येक कॅसेटनंतर पुन्हा पुसायचे, कारण धुतलेल्या फितीही थोडं काहीतरी सोडतातच. मग हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन. बाबांच्या टेपरेकॉर्डरचा हेड जरा तिरका होता, आणि सरळ हेडवर ती फीत वाजवली की झांजेचा, ट्रम्पेटचा सगळा वरचा उजेड जातो, आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. फीत चालू ठेवून तो किंचित फिरवायचा आणि कान देऊन बसायचं. एका विशिष्ट जागी मरॅकसची खळखळ अचानक पुढ्यात येते. ती जागा सापडली की हात काढून घ्यायचा. दर कॅसेटला हे नव्यानं करायचं, आणि मला सगळ्यात जास्त आनंद याच कामात मिळाला.

तिथून आवाज कॉम्प्युटरमध्ये, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये. तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. घरगुती टेपरेकॉर्डरच्या आवाजाला एवढं कशाला, असं मला विचारलं गेलं. माझं म्हणणं असं की फीत पुन्हा किती वेळा वाजेल सांगता येत नाही. एकदाच वाजणार असेल तर त्यातलं जेवढं घेता येईल तेवढं घ्यावं.

खरी अडचण आली ती वेगाची.

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालायला हवी. सेल नवे असतील तर चालते. कार्यक्रम तीन-चार तासांचा. सेल उतरत जातात, मोटर मंदावते, फीत हळू सरकते. हळू भरलेली फीत आज नीट वेगानं वाजवली की आवाज चढतो. काळी एकमध्ये सुरू झालेलं गाणं बाजू संपेपर्यंत अर्धा स्वर चढून पांढरी दोनवर जातं आणि पुढच्या बाजूला तर भारदस्त गळ्याचे आमचे निवेदक शाळकरी मुलासारखे बोलायला लागतात. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्क्यांचा फरक. हा दुरुस्त करायचा तर मूळ सूर कोणता होता ते माहीत पाहिजे.

जुन्या ध्वनिमुद्रणांत विजेची घरघर असते, तिच्यावरून वेग मोजता येतो, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पण त्या वर्षांत मागणी वाढली की ग्रिडची वारंवारता ४८-४९ पर्यंतही घसरायची. म्हणजे मोजपट्टीच हलणारी. गायकांच्या गळ्यावर भिस्त ठेवता येईना, तंतुवाद्यं तर दर कार्यक्रमाला नव्यानं लावलेली. तेव्हा अण्णा आठवले. अण्णा म्हणजे आमचे अकॉर्डियनवाले. वय ऐंशीच्या पुढं, खणभागात राहतात, अकॉर्डियन अजून घरात, कपाटावर, पेटीत. अकॉर्डियनच्या आत पोलादी पट्ट्या असतात. हवेनं त्या थरथरतात आणि त्यांचा सूर वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. रोज कान पिळायची सोय तिला नाही, आणि तेच आमच्या कामाचं होतं.

“अण्णा, एक सूर वाजवून द्याल का? एकच. लांब.”

“एकच कशाला?” असं म्हणत त्यांनी पेटी खाली घ्यायला लावली. भाता एका घडीवर चिरलेला होता, हवा सुटत होती. नातवानं ती घडी बोटांनी दाबून धरली आणि अण्णांनी मधल्या सप्तकातले सगळे सूर एकामागून एक वाजवून दिले. मी ते भरून घेतले, एकेकाची वारंवारता मोजली. मग कॅसेटमध्ये जिथं जिथं अकॉर्डियन एकटी लांब सुरावर थांबते त्या जागा शोधल्या आणि तिथला सूर अण्णांच्या पेटीतल्या त्याच सुराशी जुळवला. दोन जागांच्या मधला वेग हळूहळू बदलत नेला. निवेदकांचा आवाज त्यांचा त्यांना परत मिळाला. मूळ, न दुरुस्त केलेली फाइल अर्थात वेगळी ठेवली आहे. उद्या कुणाला माझ्यापेक्षा चांगली रीत सापडली तर त्यानं तिथूनच सुरुवात करावी.

अण्णांकडं जाणं मग नेहमीचं झालं, कारण आवाज निघाले तरी माणसं ओळखायची होतीच. लेबलावर बाबांच्या अक्षरात फक्त गावाचं नाव आणि ‘गणपती’ किंवा ‘जत्रा’. तेही पाण्यानं पुसट. अण्णांच्या माडीवर जुनी मंडळी जमायची. मी ऐकवायची, ते बोलायचे, मी लिहून घ्यायची. त्या बैठकांतून मला संगीताबद्दल जे कळलं ते आधी कधी कळलं नव्हतं. सिनेमातल्या गाण्यात पन्नास-साठ व्हायोलिनं एकदम वाजतात. सांगलीत एकही नव्हतं. मग तो सगळा पट अण्णा अकॉर्डियनच्या वरच्या सप्तकात, दोन-दोन रीड उघडून वाजवायचे आणि त्याच्याखाली हवायन गिटारवाला सूर ओढून धरायचा, म्हणजे भरल्यासारखं वाटतं. बासरीचा तुकडा कधी क्लॅरिओनेटवर, कधी नुसती शीळ. नोटेशन कुणाकडं नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं की ज्याचा जो तुकडा त्यानं तो पाठ करायचा, आणि तालमीत येऊन जोडायचा. राहिलेला तुकडा पुन्हा गाणं लागेपर्यंत अडायचा.

ट्रम्पेटवाले चाचा मिरजेहून यायचे. एका कॅसेटवर दोन वेगळे ट्रम्पेटवाले वाटत होते. कुठला कोण ते कुणाला सांगता येईना. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. एका जागी सूर फाटला, लगेच बोट वर केलं. “हा मी. माझा दुसरा पिस्टन अडकायचा. थंडीत जास्त.” पुढं त्यांनी आणखी चार कॅसेटींवर स्वतःला त्याच फाटलेल्या सुरावरून ओळखलं. आवाज स्वच्छ करायचं एखादं सॉफ्टवेअर मी त्या फायलींवर फिरवलं असतं तर ती खूण गुळगुळीत होऊन गेली असती.

या कामात माझं एक मत पक्कं झालं, आणि ते एका कॅसेटमुळं. तासगावच्या बाजूच्या एका गावातली जत्रा. ऑर्केस्ट्रा रंगात, भोंग्यांची घरघर पाठीमागं सतत. एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मधेच ती घरघर थांबते. नुसती थांबते, तोवर ती ऐकू येत होती हे ती थांबल्यावर कळतं. क्षणभरानं हजार माणसांचा एकच ‘ओऽऽ’. लाईट गेली. माइक गेले, गिटार गेली, सतार गेली. बाबांचा टेपरेकॉर्डर सेलवर, तो चालूच. आणि अकॉर्डियनला वीज लागत नाही. अण्णा थांबलेलेच नाहीत. निवेदक ओरडून सांगतायत, “मंडळी, बसून घ्या, पोरं सांभाळा.” काँगो सरकवल्याचा आवाज, मग बाबांचा ठेका हलका होतो, बोटांच्या टोकांवर येतो. आणि गाणाऱ्या ताई माइकशिवाय पुढचं कडवं उचलतात. पहिली ओळ गलक्यात बुडते. दुसऱ्या ओळीला पुढचे लोक मागच्यांना गप्प करतात, ते शूऽऽ लाटेसारखं मागं मागं जाताना ऐकू येतं. तिसऱ्या ओळीला फक्त त्यांचा गळा, अकॉर्डियनच्या भात्याचा श्वास, बटणांची टकटक. कुणीतरी “गॅसबत्ती आणा रे” म्हणतं. ताईंनी गाणं पूर्ण केलं. लाईट आली ती पुढच्या गाण्यात, माइकच्या कर्कश शिट्टीसकट.

अण्णांच्या मुलानं काही वर्षांपूर्वी याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या प्रतीवरून एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओकडून सीडी करून घेतली होती. ती आम्ही लावून पाहिली. गाणी स्वच्छ, खरखर नाही, टाळ्या नाहीत, निवेदन नाही. आणि लाईट गेलेली ती मिनिटं नाहीत. आवाज बारीक झाला म्हणून खराब भाग समजून तो कापलेला होता. गाणं दुसऱ्या कडव्याच्या अर्ध्यावर हळूहळू विरत नेऊन संपवलेलं. काम करणाऱ्यानं आपल्या परीनं नीटनेटकंच काम केलं होतं, पण मला फार वाईट वाटलं. ती गाणी सिनेमात आहेत, मूळ गायकांच्या गळ्यात आहेत, हवी तेव्हा ऐकता येतात. सांगलीचं जे काही आहे ते गाण्यांच्या मधल्या जागेत आहे. निवेदकांनी वाचलेल्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या, “पाटलांच्या आळीकडून अकरा रुपये”, हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंग, वन्स मोअर, तबला लावताना हातोडीची टकटक, ताल चुकला तर पुढच्या रांगेतून आलेली जाणकार “अहं”. म्हणून मी एक सेकंदही कापत नाही. बाजू सुरू होते तिथून संपते तिथपर्यंत, सगळं.

गाणाऱ्या ताईंचा शोध लागायला वेळ लागला. लग्नानंतर त्यांनी गाणं सोडलं होतं आणि सासर जिल्ह्याबाहेरचं. भेटल्या तेव्हा नातवंडं होती घरात. ती कॅसेट लावली. त्यांचा मोठा मुलगा, पन्नाशीचा गृहस्थ, दारात उभा राहून ऐकत होता. आई गायची हे त्याला ठाऊक होतं, पण ऐकलेलं कधीच नव्हतं. गाणं संपल्यावर तो काही बोलला नाही, आत जाऊन बायकोला बोलावून घेऊन आला आणि म्हणाला, “परत लावा.” ताई मात्र गाण्याबद्दल बोलल्याच नाहीत. “तुझ्या वडलांनी त्या दिवशी काय सुंदर सांभाळलं बघ मला,” एवढंच. “अंधारात मला सम दिसत नव्हती, त्यांच्या बोटांवर चालले मी.”

त्यांनी एक अट घातली: हे इंटरनेटवर टाकायचं नाही. घरच्यांनी ऐकावं, गाववाल्यांनी बसून ऐकावं, पण कुणालाही कुठूनही उचलता येईल असं नको. मी ते लगेच मान्य केलं. सिनेमातल्या गाण्यांचे हक्क तर ज्यांचे त्यांचे आहेतच. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो आणि १९९४ च्या दुरुस्तीनं तो आपल्या कॉपीराइट कायद्यात आला आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. आयुष्यात एकदाही कुणी ज्यांना करारावर सही करायला बोलावलं नाही, त्यांना निदान आता तरी विचारलं गेलं पाहिजे. प्रत्येक बाजूसोबत मी एक कार्ड ठेवते: गाव, साधारण वर्ष, कोणकोण वाजवतंय, कुणी ओळखलं, आणि कुणाची कशाला परवानगी आहे.

अण्णांच्या माडीवर एक वाद नेहमी व्हायचा, बेंजोचा. आमच्याकडं बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाला पिकअप लावून अँप्लिफायरवर वाजवायचा तो. ऑर्केस्ट्रे ओसरले तसं गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्ट्या आल्या: दोन बेंजो, कीबोर्ड, ताशे, ढोल, ट्रॉलीवर जनरेटर. अण्णांच्या पिढीला तो गोंगाट वाटायचा. मी लहानपणी त्याच्यामागं नाचले आहे आणि मला तो ऑर्केस्ट्राचाच पुढचा भाऊ वाटतो. तीच पोरं, तीच कानावरून पाठ केलेली गाणी, तीच तालीम. चाचांचा धाकटा मुलगा बेंजोच वाजवायचा. डॉल्बी आल्यावर त्यांचंही काम आटलं. या पार्ट्यांच्या कॅसेटी ऑर्केस्ट्रापेक्षाही कमी उरल्या आहेत. मिरवणूक चालती, टेपरेकॉर्डर ठेवणार कुठं? एका माळ्यावर मला अशा काही सापडल्या आहेत. चौकातल्या गच्चीवरून भरलेल्या. बेंजो लांबून येतो, खिडकीखाली गच्च भरतो, मग पुढच्या चौकाकडं निघून जातो. त्यांचं धुणं-पुसणं अजून चालू आहे.

सगळ्या फायलींच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडं विश्रामबागेत, वरच्या मजल्यावर. एक बहिणीकडं पुण्यात. एक अण्णांच्या नातवाकडं. तिन्ही एका पुरात जाऊ नयेत, एवढा विचार करून ठेवल्या आहेत. वाजवणाऱ्यांच्या घरी ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्हवर त्याचे कार्यक्रम दिले आहेत, पूर्ण.

तुमच्याकडं तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ, मिरज, कुठलीही असली कॅसेट असेल तर कृपा करून ती आधी घरच्या टेपवर लावून बघू नका. पांढरी बुरशी दिसत असली तर उघडूही नका, वेगळ्या डब्यात ठेवा. उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, कपाटाच्या वरच्या खणात. वरचा कागद आणि डबी फेकू नका, अक्षर कुणाचं आहे त्यावरून पुष्कळ कळतं. आणि ज्यांनी ती भरली ते अजून असतील तर आजच त्यांच्याजवळ बसून विचारा: ट्रम्पेट कुणाची, निवेदक कोण, ढोलकी कोण वाजवतंय. बाबांच्या सात कॅसेटींवर एक मेंडोलिनवाला आहे. हात इतका गोड की अण्णा दर वेळी मान हलवतात. तो कोल्हापूरहून यायचा की इचलकरंजीहून, यावर माडीवर अजून एकमत झालेलं नाही. दोन गाण्यांच्या मधे निवेदक त्याला ‘आमचे मास्तर’ म्हणतात. कुणाच्या घरात असे मेंडोलिन वाजवणारे मास्तर होऊन गेले असतील तर कळवा, मी कॅसेट घेऊन येईन.